मोजणीदाराची शपथ

माझ्या अकोल्याच्या घरमालकांना लग्नाला बोलवायचं की नाही, यावरून जठारपेठेतल्या कितीतरी घरांत भांडणं झालेली आहेत. न बोलवावं तर माणूस शेजारचा, अडीनडीला धावून येणारा. बोलवावं तर तो येणार, आला की त्याला काहीतरी दिसणार, आणि दिसलं की तो ते सांगणार. तिथेच, सगळ्यांसमोर, खणखणीत आवाजात.

मी त्यांना काका म्हणायचे. काका भांडकुदळ मुळीच नव्हते. ते कोणाच्या अध्यात नव्हते की मध्यात नव्हते. पण चूक दिसली आणि बोलले नाहीत, तर त्या दिवशी त्यांना जेवण गोड लागत नसे. आमच्याकडच्या लग्नांत मुहूर्त पत्रिकेत असतो आणि वरात रस्त्यावर. मित्रमंडळी डीजेपुढे नाचत असतात, नवरदेव घोड्यावर घामाघूम झालेला असतो, आणि मुहूर्त केव्हाच टळून गेलेला असतो. हे सगळ्यांना माहीत असतं, भटजींना सगळ्यात जास्त. कोणी बोलत नाही. काका मात्र उठून मांडवाच्या मधोमध जायचे, मनगटावरचं घड्याळ भटजींपुढे धरायचे आणि विचारायचे, "महाराज, मुहूर्त तं गेला. आता ह्या अक्षता कोन्या मुहूर्ताच्या?"

त्यांच्या शेजारी बसण्याची पाळी माझ्यावर फार वेळा आली, कारण काकूंचे गुडघे दुखायचे आणि त्या मला सोबत पाठवायच्या. मला कधी मंगलाष्टकं नीट ऐकू आली नाहीत. माझं सगळं लक्ष त्यांच्या उजव्या हाताकडे असायचं. तो हात गुडघ्यावर असेपर्यंत ठीक. हात खुर्चीच्या दांड्यावर गेला की समजायचं, आता हे उठणार. माझ्या अक्षता तशाच मुठीत राहायच्या.

एकदा गल्लीतल्या एका सावकाश बोलणाऱ्या, पण महाखडूस म्हाताऱ्याची तेरवी होती. एक पुढारी उठले आणि म्हणाले, आमचे दादा फार मनमिळाऊ होते. हात दांड्यावर गेला. मी काकांचा शर्ट धरला, पण ते उठलेच. "मनमिळाऊ नव्हते," ते म्हणाले. "पोट्ट्यायचा बॉल आंगनात आला तं कापून टाकत होते. पन इमानदार होते. उसनी आनलेली शिडी तिसऱ्या दिवशी आपल्या खांद्यावर वापस आनून देत. जे होतं ते सांगा ना." त्याच्या मुलांचे चेहरे लाल झाले. म्हाताऱ्याच्या बायकोने मात्र तोंडाला पदर लावला, आणि ती रडत नव्हती हे मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं.

त्यांचा हा स्वभाव मुळातला की नोकरीने आलेला, हे काकूंनाही सांगता यायचं नाही. काका सरकारी मोजणी खात्यातून रिटायर झालेले. जन्मभर लोकांची वावरं मोजली. दोन भावांमधला धुरा, म्हणजे शेताचा बांध, खरा कुठे आहे आणि सरकून कुठे गेला आहे, हे सांगायचं काम. असं काम करणाऱ्याला दोन्हीकडून शिव्या मिळतात. ज्याचं वावर कमी भरलं तो चिडतो, आणि ज्याचं वाढलं त्याला आणखी हवं असतं. एका गावात एक जण कुऱ्हाड घेऊन त्यांच्या अंगावर धावून आला होता. काकूंनी मला ती गोष्ट भाजी निवडता निवडता सांगितली. काका जागचे हलले नाहीत. म्हणाले, "कुऱ्हाड ठेव खाली, अन् फितीचं हे टोक धर. तूच मोज." त्याने मोजलं. धुरा त्यानेच सरकवलेला निघाला.

काकांचं एक म्हणणं होतं, जे ते कोणालाही, कुठेही ऐकवायचे. "धुरा बोटभर सरकला तवाच सांगा लागते. हातभर सरकल्यावर कोर्टात सांगा लागते." रिटायर झाल्यावरही स्टीलची एक छोटी टेप त्यांच्या खिशात असायची. बोलता बोलता ती बाहेर काढून पट्टी ओढायची आणि सोडायची, ही त्यांची सवय. तो सर्रकन आवाज आला की काकू आतून ओरडायच्या, "काय दिसलं आता?"

माझ्या बाबांचं आणि त्यांचं पहिल्याच दिवशी फाटलं. आमचं गाव वलगावच्या पुढे. बाबांची काळी, चांगली वाहीची जमीन आहे, आणि गावात त्यांना उलटं बोलणारा माणूस अजून जन्माला यायचा आहे. मी शेतकी पदवी घेतलेली, नोकरी शोधायला अकोल्याला राहायचं म्हणून बाबा मला मोटरसायकलवर खोली दाखवायला घेऊन आले. गाडी फाटकात शिरत होती तेवढ्यात काका वऱ्हांड्यातून म्हणाले, "पाटील, तुमचं मांगचं चाक डोलून राहिलं."

"कालच सर्व्हिसिंग करून आनली," बाबा म्हणाले.

"मंग कालच फसवलं तुमाले."

बाबांनी खोली पाहिली, काकूंच्या हातचा चहा घेतला आणि घर पसंत केलं ते फक्त काकूंमुळे. जाताना मला बाजूला घेऊन म्हणाले, "बाई चांगली आहे. त्या बुढ्याच्या तोंडी लागू नको." परतीच्या वाटेत चाकाची बेअरिंग गेली आणि बाबांना उन्हात गाडी ढकलत न्यावी लागली. त्यानंतर तर ते काकांवर जास्तच खार खाऊ लागले.

मीही काही मुकी नव्हते. अमरावतीला एका औषध कंपनीत माझी पहिली मुलाखत झाली, शेतीची औषधं विकणारी कंपनी. तिथले साहेब बोलता बोलता कपाशीवरच्या एका किडीला दुसऱ्याच किडीचं औषध सांगून मोकळे झाले. मी म्हटलं, "सर, त्यानं ती मरत नाही." साहेब हसले, पाणी प्यायले, आणि मला परत कधी फोन आला नाही. हे बाबांच्या कानावर गेलं. आईनेच सांगितलं असणार. रात्री जेवताना बाबांचा फोन आला. आवाज चढलेला नव्हता, म्हणून मला जास्त भीती वाटली.

"आखाजीपर्यंत पाह्य. नोकरी मिळाली तं ठीक. नाही मिळाली, नशीब म्हनू, अजून पाहू. पन या बारीनं तुह्या तोंडापायी गेली, तं सामान बांधजो अन् घरी येजो. दर्यापूरचे पाहुने येऊन राहिले. त्यायले मी हो म्हनून टाकीन."

बाबा बोलतात तसं करतात. नोकरी म्हणजे मला पगाराचं एवढं नव्हतं. आपण शिकलो ते शिकलो म्हणून कुठेतरी उभं राहायचं होतं. दर्यापूरच्या पाहुण्यांकडे सुनेने नोकरी केलेली चालत नव्हती, हे त्यांनी आधीच कळवलेलं होतं.

अमरावतीची हकीकत मी काकांना सांगितली तेव्हा ते जाम खूश झाले. टेप सर्रकन ओढून म्हणाले, "बरोबर सांगितलं! तवाच सांगितलं!" आणि स्वयंपाकघरातून भांडं आदळल्याचा आवाज आला. काकू बाहेर आल्या. मी त्यांना तशा कधी पाहिलं नव्हतं.

"तिले चढवू नका," त्या म्हणाल्या. "एकाचं केलं तेवढं पुरे झालं."

काका उठून आत गेले. मग काकूंनी मला सांगितलं. त्यांच्या एकुलत्या एका मुलाला अमरावतीत एका बिल्डरकडे नोकरी लागत होती. काका त्याच्यासोबत गेले आणि बाहेरच्या खोलीत बसले. भिंतीवर लेआऊटचा नकाशा टांगलेला. ती जमीन काकांनी स्वतः मोजलेली होती. नकाशात रस्ता रुंद दाखवला होता, जमिनीवर तो तेवढा नव्हताच. प्लॉट घ्यायला आलेली गिऱ्हाइकं शेजारीच बसलेली. काकांनी उठून त्यांना नकाशावर बोट ठेवून दाखवलं. आतून बिल्डर बाहेर आला आणि त्याच्या मागून मुलगा. बापाला काही न बोलता तो जिना उतरून गेला. आता पुण्याला असतो. फोन येतो तो काकूंना. बाबा कसे आहेत म्हणून विचारतो, पण बाबांना दे असं म्हणत नाही.

"चूक नव्हती सांगितली," काकू म्हणाल्या. "खरंच होतं. पन माह्या पोराचा आवाज ऐकाले मले फोनची वाट पाहा लागते."

त्यानंतर बरेच दिवस त्या घरात मुलाखत हा शब्दच कोणी काढला नाही.

आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया, तोंडावर आली आणि अकोल्याच्या एमआयडीसीतल्या एका बियाणे कंपनीने मला बोलावलं. सोयाबीनचं बियाणं स्वच्छ करून, पिशव्या भरून विकणारी कंपनी होती. काम माझ्या शिक्षणातलंच होतं. जागा शहराबाहेर, ऊन असं की डांबर चपलेला चिकटत होतं. बाबांनी फोनवर बजावलं, एकटी जाऊ नको. काकूंचे गुडघे चालत नव्हते. राहिले काका आणि त्यांची जुनी स्कूटर.

निघण्याच्या सकाळी काकूंनी काकांना देवघरासमोर उभं केलं. त्यांचा उजवा हात उचलून आपल्या डोक्यावर ठेवला.

"म्हना. माही शपथ, तिथं तोंड उघडनार नाही."

"अवो, पन काही दिसलंच तं..."

"आभाय कोसयताना दिसलं तरी नाही. म्हना."

काकांनी शपथ घेतली. मग त्या माझ्याकडे वळल्या. "अन् तू बी. तुले शपथ नाही घालत, तुह्यापाशी अक्कल आहे. पन बाप काय म्हनला ते ध्यानात ठेव. आज हो म्हना, उद्या काय सुधरवाचं ते सुधरव. नोकरी हातात असली तं सुधरवता येते."

मला ते पटलं. अगदी मनापासून पटलं. स्कूटरवर मागे बसून मी तेच घोकत होते. काका प्रत्येक वळणाला हात बाहेर काढून इशारा करत होते, मागे कोणी नसलं तरी. वाटेत एकदा म्हणाले, "तुही काकू बरोबर बोलते. मी जन्मभर बोललो. धुरे जागेवर आले, पन मानसं सरकली." त्यांच्या तोंडून असं कधी ऐकलं नव्हतं.

कंपनीच्या आवारात शिरलं की उजवीकडे गोदाम, समोर ऑफिस, आणि गेटला लागून लिंबाखाली सिमेंटचा बाक. काका बाकावर बसले. मला आत बोलावलं.

मालकांची केबिन वरच्या बाजूला, आणि एका भिंतीला मोठी काच. काचेतून सगळं आवार दिसायचं. मालक पन्नाशीचे, बोलायला साधे, हसरे. त्यांनी माझं शिक्षण विचारलं, गाव विचारलं. वलगावकडची म्हटल्यावर खूश झाले. "म्हंजे कास्तकाराची पोरगी. आमाले अशीच पायजे. कास्तकारासंग बोलता आलं पायजे." मी जे सांगत होते ते त्यांना आवडत होतं, हे मला दिसत होतं. त्यांनी समोरचा कागद बाजूला सरकवला आणि खुर्चीत मागे रेलून बसले. माणूस मनात हो म्हणतो तेव्हा असाच बसतो. मला बाबांचा चेहरा आठवला आणि आतून हलकं वाटलं.

"हे पाहा मॅडम," ते म्हणाले आणि काचेकडे बोट केलं. "आमच्याकडं माल थांबत नाही. ट्रक आला का लगेच खाली."

मी पाहिलं. बियाण्याच्या पोत्यांनी भरलेला ट्रक गोदामाच्या दाराशी उभा होता. वर दोन हमाल उभे होते आणि पोती वरून खाली फेकत होते. सिमेंटच्या फरशीवर. पोतं पडायचं, आवाज काचेतूनही यायचा. खालचे हमाल ती उचलून आत थप्पीवर नेत होते, आणि थप्पी पार छताला टेकायला आलेली.

सोयाबीनचं बी दिसायला टणक असतं, पण त्याचं टरफल पातळ आणि कोंब अगदी टरफलाला लागून. पोतं उंचावरून आपटलं की बी फुटत नाही. वरून चांगलंच दिसतं. आत मात्र कोंबाला मुका मार बसलेला असतो. खाली दबलेल्या पोत्यांचं तेच. मग जूनमध्ये कास्तकार ते पेरतो आणि वावराकडे बघत बसतो. गेल्या वर्षी आमच्या वावरात असंच झालं होतं. कोणत्या कंपनीचं बी होतं हे इथे सांगत नाही, ही ती कंपनी नव्हती. पण बाबा दुबार पेरणीसाठी तिफण परत जुंपताना एक शब्द बोलले नव्हते, ते मला विसरता येत नाही.

काकूंचं म्हणणं मनात धरून ठेवलं. आज हो, उद्या सुधरव.

तेवढ्यात माझी नजर काचेच्या कोपऱ्यात गेली. लिंबाखाली काका. त्यांच्यापासून ट्रक अगदी जवळ. त्यांना बियाण्यातलं कळत नव्हतं असं कोण म्हणेल, घरी मीच तर त्यांना हे सगळं समजावून सांगितलेलं. त्यांच्या हातात टेप होती. पट्टी ओढायचे, सोडायचे, ओढायचे, सोडायचे. एक पोतं आपटलं, ते अर्धे उठले आणि पुन्हा बसले. दुसरं आपटलं. त्यांनी डोक्याचा दुपट्टा काढून तोंडाशी धरला.

"पगाराची काय अपेक्षा आहे?" मालक विचारत होते. मी काहीतरी उत्तर दिलं. मी काय आकडा सांगितला हे मला तेव्हाही कळलं नाही.

काकांचा उजवा हात बाकाच्या कडेवर गेला.

हा माणूस आता वर येणार. दार ढकलणार. मालकांच्या तोंडावर सांगणार, त्यांच्या पद्धतीने, सगळ्या ऑफिसला ऐकू जाईल असं. काकूंची शपथ मोडणार, आणि माझी नोकरी जाणार ती जाणारच. काका उभे राहिले. एकदा वर ऑफिसकडे पाहिलं आणि चालायला लागले. काचेच्या चौकटीतून बाहेर गेले. तिथून पुढे एक वाट ऑफिसच्या जिन्याला येते आणि एक गेटबाहेर जाते. कोणती वाट धरली ते मला दिसत नव्हतं.

"मंग मॅडम, एक तारखेपासून येता काय?"

मालक हसून माझ्याकडे बघत होते. मला फक्त हो म्हणायचं होतं. जिन्यावर पावलं वाजली. कोणीतरी सावकाश वर येत होतं. मी मनात म्हटलं, त्यांनी आरडाओरडा करून सांगण्यापेक्षा मीच नीट सांगते. निदान आदबीने तरी सांगितलं जाईल. आणि खरं सांगायचं तर खाली अजून एक पोतं आपटलं, आणि मला ते सहनच झालं नाही.

"सर, एक सांगू का? राग मानू नका. पोती वरून फेकून राहिले ते. सोयाबीनचं बी असं आपटलं तं उगवण मार खाते. अन् थप्पी बी खूप उंच झाली."

दार उघडलं. चहाचा ट्रे घेऊन एक बाई आत आल्या. त्यांनी कप ठेवले आणि गेल्या.

मालक हसायचे थांबले नव्हते. चहाचा कप त्यांनी माझ्याकडे सरकवला. "तुमाले काय वाटलं, मले माहीत नाही?" ते म्हणाले. "मॅडम, मी या धंद्यात म्हातारा झालो. हळू उतरवाले लावलं तं ट्रक दिवसभर थांबते, दुसरा गेटबाहेर उभा राहते. माहीत आहे मले. पयल्या भेटीत तुमाले दिसलं, तुमी हुशार आहा. पन मले जे माहीत आहे ते मलेच सांगनारं मानूस मी कायले ठेवू? मले चालवून घेनारं पायजे. चहा घ्या."

मी म्हटलं, "सर, मग उगवलं नाही तं?"

"चहा घ्या," ते पुन्हा म्हणाले. आवाज तितकाच गोड. मी चहा घेतला. चटका बसला तरी एका दमात संपवला आणि उठले.

खाली बाक रिकामा होता. गेटवरच्या माणसाला विचारलं तर त्याने रस्त्यापलीकडे हात केला. तिथे दुसऱ्या एका कारखान्याची भिंत होती. काका भर उन्हात त्या भिंतीकडे तोंड करून उभे होते. दुपट्टा कानावरून घट्ट बांधलेला, म्हणजे आवाजही येऊ नये. मी जवळ गेले, खांद्याला हात लावला, तेव्हा ते दचकले.

"मी नाही बोललो," ते आधी हेच म्हणाले. चेहरा उन्हाने लाल झालेला, पण डोळे चमकत होते. "सहन नव्हतं होत, म्हनून इथं येऊन उभा राहिलो. एक शब्द नाही बोललो. झाली काय नोकरी?"

"नाही काका. मी बोलली."

ते माझ्याकडे बघत राहिले. मग स्कूटरला किक मारली. परतताना एकाही वळणाला त्यांनी हात बाहेर काढला नाही, आणि मी मागे बसून रडत होते. गेलेल्या नोकरीचं एवढं नव्हतं. आज संध्याकाळी बाबांना काय सांगायचं, त्याचं रडू येत होतं. खोटं सांगितलं तर ते आवाजावरून ओळखतात. खरं सांगितलं तर दर्यापूर.

काकू दारातच बसलेल्या. माझे डोळे बघितले आणि त्यांनी काकांकडे मोर्चा वळवला.

"बोलले ना? बोललेच ना तुमी? माह्या डोक्यावर हात ठेवून गेले अन् तिथं जाऊन बोलले?"

"काकू, ते नाही..." मी सुरुवात केली.

"हो, बोललो," काका म्हणाले.

मी त्यांच्याकडे पाहिलं. ते माझ्याकडे पाहत नव्हते. चपला काढून त्या भिंतीला लावून ठेवत होते.

काकूंनी कपाळाला हात लावला. आणि तेवढ्यात माझा फोन वाजला. बाबा. बाबांना धीर नव्हता, ते संध्याकाळपर्यंत थांबणारच नव्हते. मी फोन घेतला. "काय झालं?" त्यांनी विचारलं. काकूंनी माझ्या हातून फोन घेतला. भाऊ, असं म्हणून त्यांनी सांगून टाकलं. पोरीचं काही चुकलं नाही. पोरीला हो म्हणत होते. आमच्या ह्यांनी तिथं जाऊन तोंड उघडलं.

फोनमधून बाबांचा आवाज मला चार हातांवरून ऐकू येत होता. "द्या त्याले फोन."

काकांनी फोन कानाला लावला. बाबा त्यांच्यापेक्षा किती लहान. पण बाबा बोलले, ते सगळं बोलले. चाकाच्या बेअरिंगपासूनचं साठलेलं सगळं निघालं. काका उभे राहून ऐकत होते. मध्ये एकदा त्यांचा मोकळा हात खिशाकडे गेला, टेपकडे, आणि परत खाली आला.

"हो पाटील," ते म्हणाले. "चुकलं माह्यं."

मग फोन माझ्याकडे आला. बाबा धापा टाकत होते. "तुही चूक नाही," ते म्हणाले. "ते घर सोड. दुसरीकडं खोली पाह्य. अन् नोकरी पाहत राह्य. दर्यापूरवाल्यायले मी सध्या नाही म्हनून सांगतो." फोन बंद झाला.

काकूंनी पाण्याचा तांब्या आणला आणि काकांपुढे ठेवला. मग त्या त्यांच्यासमोर उभ्या राहिल्या.

"तुमी नाही बोलले," त्या म्हणाल्या.

"म्हटलं ना, बोललो म्हनून."

"बोलले असते तं फाटकातूनच सांगत आले असते. कोनाले काय म्हटलं, त्याचं तोंड कसं झालं. अन् जेवताना अजून एकदा सांगितलं असतं. इतके वर्सं झाले, चुकलं माह्यं असं तुमच्या तोंडून मी आयकलं नाही."

काका पाणी पीत राहिले.

"मी बोलली, काकू," मी म्हटलं. "मीच सांगितलं मालकांना."

काकूंनी माझ्याकडे पाहिलं. रागावल्या नाहीत. पण त्यांना ते खोटं सहन झालं नाही, हे मला दिसलं. "मंग बापाले सांग ना तसं. ह्यायले उगीच शिव्या खाव्या लागल्या. लाव फोन."

त्यांचं बरोबर होतं. मी फोन उचलला आणि बाबांचा नंबर काढला.

"ठेव तो फोन," काका म्हणाले. तेरवीच्या मांडवात बोलले होते तसा खणखणीत आवाज. "त्याची चूक झाली, ते मले समजते. सांगीन ना मी त्याले. इची नोकरी लागू दे. लागल्याबरोबर मी स्वतः फोन करतो, अन् तो कुठं कुठं चुकला ते एकूनएक सांगतो."

"अन् तोपर्यंत?" काकूंनी विचारलं.

काकांनी तांब्या खाली ठेवला आणि दुपट्ट्याने तोंड पुसलं.

"तोपर्यंत मी चुकलो," ते म्हणाले. "काय बिघडते?"